करडईचं दूध

आमच्या घरात सगळ्यात वाईट शिवी ‘भेसळ’ ही होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, खव्याची भट्टी चालवायचे. केजच्या रस्त्याला लागून घर, घराला लागून गोठा, गोठ्याला लागून भट्टीचं पत्र्याचं शेड, आणि या तिन्हीत मिळून आटत्या दुधाचा एकच वास. तो वास अंथरुणाला यायचा, दप्तराला यायचा, शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलीही सांगायच्या की तुझ्या वेणीला पेढ्याचा वास येतो. पहाटे भट्टी पेटली की लोखंडी उलथनं कढईच्या बुडाला घासायला लागायचं. त्या खरखरीला मी जागी व्हायचे आणि ती थांबली की खवा झाला हे न बघता ओळखायचे. आण्णा चिमूटभर खवा तळहातावर चोळून गिऱ्हाइकापुढे हात धरायचे, तूप सुटलेलं दाखवायचे आणि म्हणायचे, “बघा. हात खोटं बोलत न्हाई.” बाजारात कुणी मैदा मिसळतो, कुणी उकडलेला बटाटा, हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मिसळणाऱ्यानं जणू त्यांच्याच ताटात माती टाकली. कढईच्या कडेला चिकटलेली खरवड मात्र माझी. साखर भुरभुरून ती गरम गरम खाताना मला जगात दुसरं काही लागत नसे. ही खरवड मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सोडलं ते आवडत नव्हतं म्हणून सोडलं असं कुणाला वाटायला नको.

माझ्या दहावीच्या वर्षी पावसाळ्यात आमची चांदी नावाची म्हैस व्याली. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून ती चांदी, आणि तसाच ठिपका घेऊन तिला रेडकू झालं. वगार, म्हणजे मादी, झाली असती तर घरात गूळ वाटला असता. रेडकू म्हटल्यावर आण्णा “बरं” एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी त्याचं नाव चंद्या ठेवलं. शाळेतून आले की त्याच्या पाठीवरचे गोचीड काढायचे, तो माझी ओढणी चोखायचा, ती पार कडक होऊन जायची. आमच्याकडं रीत अशी की धार काढायच्या आधी वासराला आईला लावायचं, तिनं पान्हा सोडला की त्याला ओढून बाजूला बांधायचं आणि शेवटी कासेचा एक सड त्याच्यासाठी राखायचा. गणपतीच्या दिवसांत खव्याची मागणी चढली तशी त्या सडाची राखण कमी कमी होत गेली. मला ते दिसत होतं. एकदा मी आण्णांना म्हणालेसुद्धा की चंद्याच्या बरगड्या दिसायल्यात. ते हसून म्हणाले, “तुज्या बी दिसतेत की. त्याला काय पैलवान करायचंय व्हय?” मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

गौरी-गणपतीला मी आठ दिवस माजलगावला आत्याकडं गेलते. परत आले तर गोठ्यात चंद्याचं दावं रिकामं. मायनं सांगितलं की मामाकडं धाडलाय पाटोद्याला, तिकडं माळावर चारा लई, रेडकू तिथं चांगलं वाढंल. माय म्हणजे माझी आई, आणि मामा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. अविश्वास ठेवायचं काही कारणच नव्हतं. मला वाईट वाटलं पण बरंही वाटलं, कारण मामाचा माळ मी पाहिलेला होता. आण्णांनी वर बजावलं, “आन् गोठ्यात जाऊ नको चार दिवस. पिल्लू न्हाई म्हून चांदी मारकी झाली.” मी गेले नाही. सांगितलेलं ऐकणारी मुलगी होते मी, हे आता खरं वाटायचं नाही.

चार दिवसांनी, सकाळी अंघोळीचं पाणी तापायची वाट बघत उभी होते. तेवढ्यात चांदीचा आवाज आला. म्हैस वासराला चाटताना घशातल्या घशात घुमल्यासारखं करते, तो. मला वाटलं चंद्याला परत आणलं! मी तशीच पळाले. गोठ्यात आण्णा धारेला बसले होते, चरवीत दूध वाजत होतं, आणि चांदीच्या तोंडापुढं चंद्या उभा होता. उभा म्हणजे, चार काठ्यांवर. कातडं चंद्याचं, कपाळावरचा ठिपका चंद्याचा, आत भुस्कट. पोटाखालच्या शिवणीतून भुस्कटाच्या काड्या बाहेर आलेल्या. डोळ्यांच्या जागा शिवलेल्या. पाठीवर मीठ आणि थोडी पेंड टाकलेली, ती चाटत चाटत चांदी घुमत होती आणि पान्हा सोडत होती. आण्णांनी मला पाहिलं. धार काही थांबवली नाही, कारण धार अर्धी सोडली की म्हैस बिघडते. तशीच मान वळवून म्हणाले, “कावून आलीस इकडं? तुला नको म्हणलंवतं ना.” मी विचारलं, हे काय हाय. ते म्हणाले, “मेलं ते. मग ही पान्हा चोराया लागली. जनावर हाय, त्याला वासावर भागतं. त्याला काय कळतंय?”

कोणत्याही गवळ्याच्या घरात हे होतं, हे मला नंतर समजलं. त्यात आण्णांचं काही विशेष क्रौर्य नव्हतं, आणि तेव्हा तर मला एवढंच कळलं की मला फसवलं आणि चांदीला रोज दोन वेळा फसवायलेत. त्या दिवशी मायनं पुढं ठेवलेला चहा मी घेतला नाही. दुपारी दही घेतलं नाही. संध्याकाळी खरवड आली, तीही ढकलली. माय म्हणाली, नाकावर राग आहे, दोन दिवसांत उतरंल. आण्णा म्हणाले, खव्याच्या घरात दूध न पिणारी पोर, लोकं म्हणतील ह्याच्याच दुधात काई तरी हाय. त्यांची ती भीती खोटी नव्हती. पण माझा राग उतरला नाही, आणि दूध सोडणं म्हणजे नुसता पेला सोडणं नव्हे हे मला त्या आठवड्यात कळत गेलं. चहा गेला. कढी गेली. धपाट्यावरचं लोणी गेलं, ताक गेलं, वरणावरची तुपाची धार गेली. राहिली भाकरी, येसराची आमटी, ठेचा आणि कारळाची चटणी. मी तेवढ्यावर बसले. भूक लागायची, आणि शेजारच्या शेडमधून तो वास यायचा. रडू यायचं ते चंद्यासाठी की खरवडीसाठी हे सांगणं कठीण होतं.

पंधरा दिवसांनी मी हट्टानं मामाकडं गेले. चंद्या तिथं नाही हे माहीत होतं, तरी गेले. मला मामाच्या तोंडून ऐकायचं होतं. मामा ओसरीवर दोरी वळत बसलेला. मी विचारलं, “मामा, आमचं रेडकू आलंय का तुमच्याकडं?” तो भाबडेपणानं म्हणाला, “न्हाई बा. कधी धाडलं?” मग मी सगळं सांगितलं. त्यानं दोरी खाली ठेवली. “माज्या नावावर खोटं बोलले व्हय? मला तरी सांगायचं,” असं तो दोनदा म्हणाला. खोटं बोलल्याचं की त्याला न सांगितल्याचं दुःख जास्त होतं, देव जाणे! पण मामी हुशार. तिनं मला एका शब्दानं समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भिजवलेली करडई पाट्यावर घेतली, पाणी शिंपडत रगडली, फडक्यातून पिळली, आणि पातेल्यात पांढरंशुभ्र दूध पडलं. “आमच्या माहेरी खीर ह्यातच करतेत,” ती म्हणाली. “म्हशीची कायबी गरज न्हाई.” तिनं त्यात भरडलेले गहू शिजवून गूळ घातला, वेलदोडा घातला. त्या खिरीला जिभेच्या मागे किंचित कडसर चव होती. मी दोन वाट्या खाल्ल्या. निघताना मामानं करडईचं एक पोतं एस.टी.च्या टपावर चढवून दिलं. बहुधा आपल्या नावावरच्या खोट्याची भरपाई म्हणून. पोत्याचं तोंड सैल होतं, तर मी वेणीची लाल रिबीन सोडून त्याला बांधली. वर दोन गाठी आणि एक फूल.

परवा पुण्याहून नात आली होती. तिनं बदामाच्या दुधाचं खोकं आणलं, ओटाचं आणलं, आणि मला समजावून सांगितलं की याला व्हीगन म्हणतात. मी मान हलवत ऐकलं. खोक्यावर गाईचं चित्र काढून त्यावर फुली मारली होती. मला वाटलं, बाई गं, आमच्याकडं फुली मारायला चित्र नव्हतं, खरी म्हैस होती, आणि ती दाराबाहेर हंबरायची. पण तिच्या चहात ते दूध फाटत नाही, याचा मात्र मला हेवा वाटला. दहावीच्या त्या वर्षी माझं रोज फाटायचं. पोत्यातली थोडी करडई मी वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात काढून घेतली होती, पोतं परत बांधून आतल्या खोलीत मिठाच्या रांजणामागं ठेवलं होतं. रात्री ओंजळभर भिजत घालायची, पहाटे शाळेआधी रगडायची. करडईची टरफलं कडक, वरवंट्यानं तळहाताला घट्टे पडले. उकळत्या चहात ते दूध पडलं की लगेच दाणे दाणे. मग शिकले की चहा उतरवून थोडा निवू द्यायचा आणि मग हलकेच घालायचं, तेव्हा चारातल्या एका वेळेला जमायचं. शेंगदाण्याचं दूध काढून त्याचं दही लावायला गेले. विरजण तर म्हशीचंच, ते चालणार नाही. मामीनं सांगितलं होतं की हिरव्या मिरचीचे देठ टाक. पहिल्यांदा नासलं, दुसऱ्यांदा नासलं, तिसऱ्यांदा लागलं. जरा कच्च्या दाण्याच्या वासाचं, पण दही! पुरणपोळीवर मी करडईचं तेल घेऊ लागले. आण्णा माझ्या पातेल्यात डोकावून म्हणायचे, “काय मंगल, आज काय भेसळ करायलीस?” ते चेष्टेनं म्हणायचे. मी रागानं म्हणायचे, “ह्यात फक्त करडई हाय. तुमच्या खव्यापरीस शुद्ध.”

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत प्रार्थनेला उभी असताना मला चक्कर आली आणि मी पडले. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली, वजन केलं आणि मायला म्हणाले, दूधदुभत्याच्या घरची पोर अशी कशी? तिला दूध द्या. मायनं मान खाली घातली. घरी आल्यावर मात्र तिनं असं काही केलं की मला भरून आलं. ती म्हणाली, “हे बघ, तुला म्हशीचं नको तर नको. पर रगडत बसू नको. दहावीचं वरीस हाय. तुजी करडई मी वाटते. तू अभ्यास कर.” गोठ्यातल्या त्या सकाळपासून मी तिच्याशी नीट बोलत नव्हते. मामाकडं धाडलंय हे वाक्य तिच्याच तोंडचं होतं. पण आता ती माझ्या बाजूला आली होती. मी तिला डबा दाखवला, किती भिजवायची, फडकं कोणतं, सगळं दाखवलं. ती म्हणाली, “मला शिकवू नको, मी बी त्याच माहेरची हाय.” आम्ही दोघी हसलो.

नंतरचे चार महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. हे लिहायला मला जड जातं, पण होते. पहाटे मी कंदिलाजवळ भूमितीचं पुस्तक घेऊन बसायचे आणि स्वयंपाकघरातून पाट्यावर वरवंट्याचा आवाज यायचा. तो आवाज खराच होता. चटणी वाटत असायची ती, हे मागाहून समजलं. मग माय पितळी पेल्यात चहा आणून द्यायची. चहा फाटायचा बंद झाला होता. मी म्हटलं, तुझ्या हाताला गुण आहे. घरात सगळेच तसं म्हणायला लागले. मामी आली तेव्हा तिलाही मी सांगितलं, मायच्या हातचं करडईचं दूध फाटतच नाही. मामीनं मायकडं पाहिलं आणि पदर सारखा केला. डबा संपल्याचं मायनं एकदा सांगितलं, म्हणाली आता पोतं फोडलंय. मी बरं म्हटलं. एकदा, एकदाच, पेल्यात रंग जरा दाट दिसला म्हणून मी विचारलं, “माय, आज ह्यात काय घातलंस?” ती म्हणाली, “काय न्हाई गं, करडईचंच हाय. पी.” मी प्याले. चांगला लागला म्हणून दुसरा कप मागितला. तेव्हापासून रोजच दुसरा कप मागायला लागले. माझ्या गालावर मांस आलं. शाळेत बाई म्हणाल्या, तब्येत सुधारली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की दुधाशिवाय सुधारली आहे.

त्या हिवाळ्यात येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. आमच्या भागात येळवस म्हणजे सगळं गाव शेतात. कडब्याची खोप करायची, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि माठात अंबील. अंबील ज्वारीच्या पिठाची, पण आंबवायची ताकात. मी ठरवलं, माझं छोटं मडकं वेगळं, दाण्याच्या दह्याची अंबील. थंडी कडाक्याची, दही काही लागेना. आदल्या दिवशी पातेलं मायच्या स्वाधीन करून झोपले आणि सकाळी पाहते तर घट्ट, सुरी लागेल असं दही. मी नाचलेच. शेतात खोपीपुढं सगळे बसले असताना माझं मडकं फिरलं. मामानं पेला भरून घेतला आणि मिशा पुसत म्हणाला, “आयला, म्हशीच्या तोंडात मारली की पोरीनं!” आण्णांनी पण घेतली. घोट तोंडात थोडा वेळ धरला, जसा ते दुधाचा धरायचे. दुधात पाणी किती हे घोटावर सांगणारा माणूस. मग गिळला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “झकास. काई भेसळ न्हाई.” मला इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही. दहावीच्या निकालाचासुद्धा नाही.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी दुपारी घरी आले. डोक्यावरून ओझं उतरलेलं. वाटेतच ठरवलं होतं की आज मायला हात लावू द्यायचा नाही, आपण करडई भिजवायची आणि उद्या सगळ्यांना मामीसारखी खीर करून घालायची. आतल्या खोलीत गेले. रांजणामागं वाकले. पोतं तिथंच होतं. भरलेलं. तोंडाला माझी लाल रिबीन, वर दोन गाठी, एक फूल. फुलाच्या पाकळ्यांवर धूळ बसलेली. मला आधी वाटलं मामानं दुसरं पोतं दिलं असेल. मग रिबिनीच्या टोकाला शाईचा डाग दिसला, तो माझ्याच हातचा. मी खाली बसले. डबा केव्हा संपला ते आठवलं. तेव्हापासूनच्या सकाळी आठवल्या. पेले आठवले.

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दारात उभी राहून विचारलं, “माय, करडई कशातून काढत होतीस?” ती न बघता म्हणाली, “पोत्यातूनच की.” मी आत गेले, पोतं ओढत ओढत आणलं आणि तिच्यापुढं टाकलं. तिनं रिबिनीकडं पाहिलं. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाली, “पडलीवतीस तू शाळंत. पापणी पांढरी झालती. मी काय करू? बघत बसू?”

“मला सांगायचं.”

“सांगितल्यावर पिली असतीस?”

“न्हाई.”

“मग?”

मी विचारलं, कुणाचं दूध. ती म्हणाली, “चांदीचं. दुसऱ्या कुणाचं असनार?” मी म्हणाले, त्या भुस्कटाच्या चंद्यावर काढलेलं? तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मी म्हणाले, आणि येळवसचं दही? तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “थंडीत लागत न्हवतं. विरजणाचं थेंब टाकलं. तू रडली असतीस.” थेंब की निम्मं पातेलं ते मी विचारलं नाही. मी एवढंच विचारलं की आण्णांना ठाऊक होतं का. त्यावर तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, “तेच तर रोज तुजा तांब्या येगळा काढून ठिवायचे. पहिल्या धारंचा. पोरीला चांगलं दे म्हनायचे.” मी म्हणाले, “भेसळ केलीस, माय.” तिला लागलं. तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं की हे या घरात कुणी तिला कधी म्हणालं नव्हतं. ती म्हणाली, “बापाच्या गिऱ्हाइकाला केली का? लेकराला केली. आन् लेकराला काय कळतंय?” भाकरी तव्यावर करपली होती. तिनं ती उतरवून बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

आता वाटतं, तिचं काय चुकलं? माझी पोर चक्कर येऊन पडली असती तर मीही काही केलंच असतं. शेजारणी म्हणतात, तुझी आई होती म्हणून तू जगलीस. असेल. डॉक्टरांच्या गोळ्या मी आता घेतेच, वयामुळंही आणि या खाण्यामुळंही. पण फसवणुकीचं कारण चांगलं असलं म्हणून ती कमी लागते असं मला कधी वाटलं नाही, आज सत्तरीला टेकले तरी वाटत नाही. उलट वाईट माणसानं फसवलं की निदान शिव्या देता येतात. आणि त्याहून एक खुपणारी गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. चांदी त्या चंद्याला चाटता चाटता मधेच थांबायची. नाक लावायची, हुंगायची, शिवणीपाशी यायची. मग परत चाटायला लागायची. तिला कळत होतं का, हा प्रश्न मला फार छळायचा. पण चहा फाटायचा बंद झाला होता, हे मला कळत नव्हतं? खव्याच्या घरातली पोर मी, झोपेत वास ओळखणारी! मामीनं पदर सारखा केला तो मला दिसला नव्हता? मी दुसरा कप मागत होते. हा राग मायवर काढता येत नाही, म्हणून तो जात नाही.

त्या दिवसापासून मी मायच्या हातचं पातळ काही घेतलं नाही. भाकरी घ्यायचे, कारण ती डोळ्यांसमोर थापलेली असायची. रगडायचं, गाळायचं, उकळायचं, सगळं माझं मी. डी.एड.ला अंबाजोगाईला गेले तेव्हा ते पोतं बरोबर नेलं. नोकरी लागली, लग्न झालं, सासरी हे सगळं पटवता पटवता केस पिकले, तो किस्सा वेगळा. माहेरी गेले की माय चहाचं विचारायचीच नाही. पेला, पातेलं, चहा-साखर माझ्यापुढं आणून ठेवायची आणि बाहेर जाऊन बसायची. चाळीस वर्षं हे असंच चाललं. आण्णा गेले, भट्टी विकली, गोठ्याच्या जागी भावानं दुकान काढलं. त्या पोत्याबद्दल आम्ही दोघी एकदाही बोललो नाही.

शेवटचे सहा महिने माय माझ्याकडं केजला होती. भावाच्या घरी जिना होता, तो तिला चढवेना. जीभ शाबूत, डोकं शाबूत, पण गोळ्या घेईना. रक्तदाबाची एक होती, हृदयाची एक. तोंडात ठेवून गालात दाबायची आणि नंतर उशीखाली सापडायच्या. मी समजावलं, ओरडले, रडले. ती म्हणायची, “लई जगले. आता बास. कडू घालू नको मला.” डॉक्टर म्हणाले, एक दिवस चुकली तरी धोका आहे, कशातही कुटून द्या. मी दोन दिवस विचार केला. दुसरं काही सुचलं नाही. तिसऱ्या सकाळी करडई रगडली, दूध काढलं, गूळ घातला, आणि दोन्ही गोळ्या खलबत्त्यात बारीक करून त्यात ढवळल्या. करडईचा मूळचा कडसरपणा होताच, त्यात ते लपणार होतं. पेला तिच्या हातात दिला.

तिनं पेल्यात पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. म्हातारीच्या डोळ्यांवर मोतिबिंदू होता, तरी मला वाटलं तिला रिबिनीपर्यंतचं सगळं दिसलं.

“मंगे,” ती म्हणाली, “ह्यात काय घातलंस?”

मी म्हणाले, “काय न्हाई. करडईचंच हाय. पी.”

ती प्याली. सगळं प्याली, न थांबता. पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा पेला माझ्या हातात परत दिला. मी उगाच उभी राहिले, जरा वेळ. दुसरा कप तिनं मागितला नाही.